उपेक्षित सचेतनपट

आजच्या भाषणाचें नांव ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं आलें असेल. पोलादपूर आणि महाड तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत पाढे आणि शुद्धलेखन घोटवून घेण्यांत ज्याचा जन्म गेला, असा साठी उलटलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त मास्तर. त्यानें हलत्या चित्रांच्या चित्रपटांविषयीं काय म्हणून बोलावें? रायगडाविषयीं, शिवथरघळीविषयीं किंवा चवदार तळ्याविषयीं तो बोलला असता तर तें त्याच्या वयाला शोभलें असतें. हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु या विषयाचें मजवर एक जुनें ऋण आहे, आणि ऋण फेडतांना शोभेचा विचार करून चालत नाहीं. तें ऋण कोणतें हें ओघानें येईलच.

ज्यांना आपण सरसकट ‘कार्टून’ म्हणून मोकळे होतों, त्यांना मराठींत ‘सचेतनपट’ असा एक चांगला शब्द आहे. अचेतन रेषेंत चेतना घालावयाची, एवढाच त्याचा अर्थ. आपणांस ठाऊकच आहे कीं, चित्रपटाच्या फितीवर चित्र हलत नसतें. एका सेकंदांत चोवीस स्थिर चित्रें डोळ्यांपुढून सरकतात, आणि तीं भराभर एकामागून एक येतात म्हणून आपल्याला गतीचा भास होतो. साध्या चित्रपटांत हीं चित्रें कॅमेरा टिपून घेतो. सचेतनपटांत तीं माणसाला आपल्या हातानें निर्माण करावीं लागतात. नटानें हात उचलला कीं साध्या चित्रपटांत काम झालें. सचेतनपटांत तोच हात उचलावयास दहा-बारा चित्रें काढावीं लागतात, आणि त्यांतलें एक जरी चुकलें तरी हात उचलल्यासारखा न दिसतां झटका आल्यासारखा दिसतो.

ही विद्या आपल्याकडे परकी नाहीं. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं पडद्यावर आला हें शाळेंतल्या मुलालाहि पाठ असतें. पण त्यापूर्वींच दादासाहेब फाळके यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरून, त्याच्यापुढें कॅमेरा मांडून, त्याच्या वाढीचीं चित्रें थांबत थांबत घेतलीं होतीं, आणि अनेक दिवसांची ती वाढ क्षणांत दाखविली होती, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पुढें १९१५ सालीं त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ या नांवाची एक लहानशी फीत केली. तींत नट नव्हते. काड्यापेटींतल्या काड्या होत्या. काडी किंचित् सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचें. पुन्हां सरकवावयाची, पुन्हां एक चित्र. अशा रीतीनें निर्जीव काड्या त्यांनीं पडद्यावर नाचविल्या. ती फीत आज उपलब्ध नाहीं. फाळक्यांच्या नांवाचा जयजयकार करणाऱ्या महाराष्ट्रानें त्यांच्या या बाजूकडे मात्र फारसें लक्ष दिलें नाहीं.

आणखी मागें जावयाचें तर आपल्या कोंकणांतच जावें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा आहे. रामायण-महाभारतांतल्या एका आख्यानाच्या चित्रांचा जो संच, त्याला ते ‘पोथी’ म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढें धरतो आणि गातां गातां कथा सांगतो. त्याच गांवीं कळसूत्री बाहुल्या आहेत, आणि चामड्याच्या बाहुल्यांची सावली पडद्यावर पाडून केला जाणारा खेळहि आहे. या कला जतन केल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. चित्रांची पोथी, पडदा, मागून येणारा उजेड आणि कथा सांगणारा आवाज, एवढी सामग्री जेथें पूर्वींपासून आहे तेथें सचेतनपटाला परका म्हणणें बरोबर नाहीं.

आतां पाश्चात्त्यांकडे एक दृष्टि टाकूं. पूर्ण लांबीचा पहिला सचेतनपट कोणता, असें विचारतांच बहुतेक लोक वॉल्ट डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’चें नांव घेतात. तो चित्रपट १९३७ चा. त्याच्या अकरा वर्षें आधीं, १९२६ सालीं, जर्मनींत लोटे रायनिगर या तरुण बाईनें ‘प्रिन्स आख्मेद’ची साहसें सांगणारा तासाभराहून मोठा चित्रपट पुरा केला होता. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या सचेतनपटांत तोच सर्वांत जुना होय. त्यांतली कथा आपल्या ओळखीची आहे. कारण कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं ज्या अरबी सुरस गोष्टी मराठींत आणल्या, त्याच भांडारांतून ती घेतलेली आहे. बाईंनीं काळ्या पुठ्ठ्याच्या आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या आकृति कात्रीनें कापल्या, त्यांचे सांधे तारेनें जोडले, खालून उजेड सोडलेल्या कांचेवर त्या मांडल्या, आणि वरून एकेक चित्र घेतलें. या कामीं तीन वर्षें गेलीं. मूळ प्रत महायुद्धाच्या अखेरीस नष्ट झाली. इंग्लंडांत राहिलेल्या एका प्रतीवरून तो पुढें पुन्हां सिद्ध करण्यांत आला. पिंगुळीचा सावल्यांचा खेळ ज्यानें पाहिला आहे त्यानें हा चित्रपट अवश्य पाहावा. दूरदेशीं आपला एखादा नातेवाईक भेटावा तसें त्याला वाटेल.

आतां मुख्य विषयाकडे वळतों. हिंदुस्थानांतल्या कथेवर झालेला, आणि माझ्या मतें ज्याची योग्यता आपण फार उशिरां ओळखली असा चित्रपट म्हणजे ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’. त्याची हकीकत त्याच्या कथेइतकीच लक्षांत ठेवण्याजोगी आहे. युगो साको हे जपानी गृहस्थ १९८३ च्या सुमारास प्राध्यापक बी. बी. लाल यांच्या उत्खननाविषयीं माहितीपट करण्याच्या निमित्तानें आपल्याकडे आले. रामकथेनें त्यांना असें भारलें कीं, तिचीं जपानी भाषेंत मिळालीं तीं अनेक रूपें त्यांनीं वाचून काढलीं, आणि या कथेला रेषाच न्याय देऊं शकतील अशी त्यांची खात्री झाली. परकी माणसानें रामावर चित्रपट कां करावा, असा आक्षेप येथें निघाला. भारत सरकारपुढें सहकार्याची योजना मांडली, तेव्हां रामायणासारखा नाजूक विषय कार्टूनांत आणूं नये या विचारानें ती मान्य झाली नाहीं. साको खचले नाहींत. चित्रपटाचें काम जपानांत चाललें आणि आपले कलावंत तिकडे गेले.

त्या कलावंतांत अग्रणी होते राम मोहन. १९५६ सालीं मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें व्यंगचित्र विभाग निघाला, तेव्हां डिस्नेच्या संस्थेंतून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखालीं जे तरुण शिकले, त्यांतले हे एक. त्या विभागानें १९५७ सालीं जातककथेवर ‘द बनियन डिअर’ ही लहान फीत केली, तींतल्या आकृतींना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचें वळण होतें. ‘भुवन शोम’ आणि ‘शतरंज के खिलाड़ी’ या चित्रपटांतले सचेतन भाग राम मोहन यांचेच. धोतर कसें नेसतात, वडीलधाऱ्यांच्या पायां पडतांना मूल कसें वांकतें, आपलीं माणसें चालतात कशीं, हें सारें जपानी चित्रकारांना हिंदी चित्रकारांनीं दाखवून दिलें. दिग्दर्शक म्हणून कोइची सासाकी, राम मोहन आणि साको या तिघांचीं नांवें आहेत. संगीत वनराज भाटियांचें, आणि संस्कृत गीतें वसंत देव यांचीं.

मास्तराला हिशेब केल्यावांचून चैन पडत नाहीं. हा चित्रपट १३५ मिनिटांचा. म्हणजे ८,१०० सेकंद. सेकंदास २४ प्रमाणें १,९४,४०० चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींपर्यंत टिकवावें अशी या धंद्यांत सर्रास वहिवाट आहे. तसें धरलें तरी ९७,२०० चित्रें उरतात. सुमारें ४५० कलावंत खपले आणि एक लाखाच्या आसपास चित्रें हातानें काढलीं गेलीं असें जें सांगतात, तें या हिशेबाशीं जुळतें. प्रमुख चित्रकारानें हालचालीचें पहिलें आणि शेवटचें चित्र काढावयाचें. मधलीं चित्रें साहाय्यकांनीं भरावयाचीं. मग तीं पारदर्शक पत्र्यावर उतरवून मागच्या बाजूनें रंग द्यावयाचा. आणि रंगविलेल्या देखाव्यावर तो पत्रा ठेवून एक चौकट टिपावयाची. एक झाली कीं दुसरी. ज्यानें भाताची लावणी जवळून पाहिली असेल त्याला या कामांतला धीर समजेल. वांकून वांकून एकेक मूठ लावावी लागते. आणि शेताचें हिरवेंपण दिसतें तें पुढें, दुसऱ्याच्या डोळ्यांना.

हा चित्रपट १९९२ सालीं पुरा झाला आणि १९९३ च्या जानेवारींत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत दाखविला गेला. तो काळ देशांत मोठ्या अशांततेचा होता. चित्रपटगृहांतून तो सर्वदूर पोंचला नाहीं. पुढें दूरदर्शन-संचावर मुलांच्या वाहिनीवरून तो लागूं लागला, आणि एका संबंध पिढीनें तो सुटींत, दुपारीं, जेवतां जेवतां पाहिला. मोठ्या माणसांनीं मात्र ‘मुलांचें कांहींतरी चाललें आहे’ एवढेंच म्हटलें. अखेर २०२५ च्या जानेवारींत तो नव्यानें स्वच्छ करून देशभरच्या चित्रपटगृहांत आला. साको २०१२ सालीं वारले होते, राम मोहन २०१९ सालीं. ज्यांनीं हें शेत लावलें त्यांना तें भरलेलें पाहावयास मिळालें नाहीं.

मी तो तेव्हांच पाहिला. मुलाकडे मुंबईस गेलों होतों. नातू म्हणाला, ‘आजोबा, चला, रामायण बघूं.’ मी कंटाळूनच गेलों. रामायण माझें पाठ आहे अशी माझी घमेंड होती. पण अरण्यांतून झिरपणारा उजेड, झोपेंतून उठणारा कुंभकर्ण, आणि सीतेला भुरळ घालणारा तो सोन्याचा मृग पाहतांना मी नातवाचा हात केव्हां धरला तें मला कळलें नाहीं. पात्रांचे डोळे आपल्यापेक्षां मोठे आणि जपानी वळणाचे आहेत, हा दोष कोणी दाखवील. दाखवावा. परंतु नटाच्या रामांत नट दिसत राहतो. रेषेच्या रामांत रामावांचून दुसरा कोणी नसतो. हा सचेतनपटाचा विशेष मला त्या दिवशीं प्रथम समजला.

दुसरा चित्रपट ‘गोपी गवैया बाघा बजैया’. मूळ गोष्ट उपेंद्रकिशोर राय यांची. त्यांचे नातू सत्यजित राय यांनीं १९६९ सालीं तिच्यावर काढलेला बंगाली चित्रपट प्रसिद्ध आहे. पवईच्या आय. आय. टी. मध्यें अध्यापन करणाऱ्या शिल्पा रानडे यांनीं तीच गोष्ट सचेतन रूपांत आणली. एकाला गातां येत नाहीं, दुसऱ्याला वाजवितां येत नाहीं; दोघांनाहि गांवाबाहेर काढलें जातें; आणि भुतांच्या राजानें वर दिल्यावर हींच दोन टाकाऊ माणसें एक युद्ध थांबवितात. चित्रांना बाहुल्यांच्या खेळाचा आणि आपल्याकडच्या लोककलेचा वास आहे. २०१३ सालीं तो टोरोंटोच्या महोत्सवांत गेला. आपल्या चित्रपटगृहांत यावयास त्याला २०१९ साल उजाडलें! सहा वर्षांत पहिलींतलें मूल सातवींत जातें. ज्यांच्यासाठीं तो केला त्यांतलीं किती मुलें तोंवर मोठीं होऊन गेलीं असतील!

तिसरा ‘बॉम्बे रोज’. हा मुलांसाठीं नाहीं, हें मी आधींच सांगून ठेवतों. गीतांजली राव या जे. जे. मध्यें शिकलेल्या आणि राम मोहन यांच्याच संस्थेंत उमेदवारी केलेल्या चित्रकर्त्री. त्यांच्या हाताखालीं सुमारें साठ कलावंतांनीं दीड वर्ष खपून हा चित्रपट चौकटीगणिक रंगविला. २०१९ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत समीक्षक-सप्ताहाचा आरंभ त्यानें झाला. २०२१ पासून तो घरबसल्या पाहावयाची सोय झाली. बालविवाह टाळून मुंबईस पळून आलेली, गजरे करणारी कमला. तिची शाळकरी बहीण. घड्याळें दुरुस्त करणारे आजोबा. काश्मीरहून पोरका होऊन आलेला सलीम. आणि एकेकाळीं चित्रपटांत काम केलेल्या वृद्ध डिसोझाबाई. या बाई रस्त्यानें चालूं लागल्या कीं आजची मुंबई हळूहळू पुसली जाते आणि तिच्या जागीं जुनी, कृष्णधवल मुंबई उभी राहते. स्वप्न पडलें कीं चित्र मोंगल शैलीचें होतें. हें कॅमेऱ्याला साधणें कठीण. आमच्या महाड-पोलादपुरांतलें प्रत्येक घर मुंबईच्या मनिऑर्डरवर एकदां तरी तगलेलें आहे. आपलीं माणसें ज्या शहरांत राबलीं, त्या शहराच्या पदपथावरच्या माणसांना मनेंहि असतात, हें या चित्रपटानें जितक्या मायेनें दाखविलें तितकें फार थोड्यांनीं दाखविलें असेल.

‘अर्जुन : द वॉरियर प्रिन्स’ हा अर्णव चौधरी यांचा २०१२ चा चित्रपटहि याच माळेंतला. भक्कम चित्रण, गंभीर प्रकृति; तरी धंदा झाला नाहीं. दिग्दर्शक २०१९ सालीं वारले. मराठींतहि २०१८ सालीं ‘प्रभो शिवाजी राजा’ या सचेतनपटानें पाऊल टाकलें. रायगडाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आम्हां लोकांनीं तरी त्याची दखल अधिक घ्यावयास हवी होती.

या उपेक्षेचें कारण काय? चित्रपटगृहवाले म्हणतात, लोक येत नाहींत. लोक म्हणतात, आमच्या गांवीं लागलाच नाहीं. दोन्ही खरें आहे. पण मुळाशीं एक समजूत आहे. चित्र म्हणजे पोरखेळ; अक्षर आणि आंकडा म्हणजे विद्या. ही समजूत कोणीं पेरली, असें विचारलें तर बोट दुसऱ्याकडे दाखविण्यापूर्वीं मला माझ्याकडेच दाखविलें पाहिजे.

१९८४ सालची गोष्ट. पोलादपूर तालुक्यांतल्या एका वाडीवरच्या शाळेंत मी होतों. चौथींतल्या एका मुलानें गणिताच्या वहीच्या प्रत्येक पानाच्या कोंपऱ्यांत एक जनावर काढलें होतें. अंगठ्याखालून पानें भराभर सोडलीं कीं तें धांवत येई आणि बांधावरून उडी मारी. वर्गांत खसखस पिकली. मीं वही घेतली, पानें सोडून पाहिलीं, तें जनावर उडी मारतांना पाहिलें. आणि सगळ्या वर्गापुढें वही फाडली. ‘गणितं कर, नसते चाळे नकोत,’ असें म्हणालों. मुलाचें नांव सांगत नाहीं, शाळेचेंहि नाहीं. दोष माझा आहे.

मुंबईच्या त्या चित्रपटगृहांत सोन्याचा मृग उड्या मारूं लागला तेव्हां मला ती वही आठवली. इतकीं वर्षें मी समजत होतों कीं तें भेकर होतें. आमच्या रानांत भेकरें आहेत. त्याच वर्षीं गणपतींत तो मला पोलादपूरच्या एस. टी. स्टँडवर भेटला. आतां पन्नाशीचा, मुंबईंत एका गोदामांत कामाला आहे. ‘गुरुजी’ म्हणून पायां पडला. मीं त्याला चित्रपटाची हकीकत सांगितली आणि त्याच्या भेकराची आठवण काढली. तो हंसला आणि म्हणाला, ‘गुरुजी, भेकर नव्हतं ते. आमची पाडी होती.’ मग थोडा थांबून म्हणाला, ‘वही बारा आण्यांची होती. बापानं दुसरी घेतली नाय. दिवाळीपर्यंत पाटीवर गणितं केली मी.’

मीं त्याची क्षमा मागितली. त्याला अवघडल्यासारखें झालें. इतक्यांत गाडी लागली आणि तो गेला. पुढें तो मोठा चित्रकार झाला असता, असें मी म्हणत नाहीं. तें कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. मी इतकेंच म्हणतों कीं, फाळक्यांनीं काडी सरकवून जें केलें, रायनिगरबाईंनीं कात्रीनें जें केलें, तेंच एका वाडीवरच्या पोरानें कोणीं न शिकवितां पेन्सिलीनें केलें होतें. तें माझ्या हातांत होतें. आणि मला तें वाचतां आलें नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, माझी विनंति फार मोठी नाहीं. मीं सांगितलेल्या चित्रपटांपैकीं एखादा तरी मिळवून पाहा. मुलाला संचापुढें बसवून स्वयंपाकघरांत जाऊं नका. त्याच्याशेजारीं बसा, आणि शेवटीं जीं नांवें सरकतात तीं उठण्यापूर्वीं वाचा. त्यांतल्या एकेका नांवामागें हजारों चित्रें आहेत. गांवोगांवच्या शाळांतून आतां पडदे आणि यंत्रें आलीं आहेत. वर्षांतून एक दिवस त्यांवर असा चित्रपट लावण्यास शिक्षकबंधूंना फार तोशीस पडूं नये. आणि एखाद्या वहीच्या कोंपऱ्यांत कांहीं हलतांना दिसलें, तर गणित तपासण्यापूर्वीं पानें एकदां शेवटपर्यंत सोडून पाहा. काय आहे तें त्या मुलालाच विचारा. नाहींतर माझ्यासारखे चाळीस वर्षें पाडीला भेकर समजत राहाल.